शब्दचर्चा: व्हॅम्पायरला वेताळ म्हणावं का?

प्रश्न

कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘डार्कस्टॉकर्स’ या मारामारीच्या व्हिडिओ गेममालिकेवर मराठीत लेख लिहितोय. पहिला गेम १९९४ मध्ये आर्केडवर आला. जपानमध्ये मालिकेचं नावच ‘व्हॅम्पायर’ आहे. जवळजवळ प्रत्येक पात्र कुठल्या तरी लोककथेतून किंवा भयकथेतून आलेलं: दिमित्री हा व्हॅम्पायर, मॉरिगन ही सक्युबस (पुरुषांना भुलवणारी असुरी), जॉन टॅलबेन हा लांडगा होणारा माणूस, अनाकारिस ही ममी, लॉर्ड रॅप्टर हा झोंबी. सगळ्यांना नुसतं ‘भूत’ म्हणायचं नाही. दिमित्रीला वेताळ, मॉरिगनला हडळ, रॅप्टरला खवीस म्हटलं तर चालेल का? आणि ‘डार्कस्टॉकर्स’ या नावाला मराठी शब्द कोणता?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. ‘निशाचर’ घ्या. रामायणात राक्षसांना हा शब्द आहे, आणि आज आपण घुबड-वटवाघळांनाही तोच वापरतो. गेममधली अर्धी मंडळी धड मेलेली नाहीत, त्यामुळे ‘पिशाच्च’पेक्षा हा शब्द जास्त जणांना पुरतो.

बाकी तिन्ही शब्दांना माझा विरोध आहे. आपल्या भुतांची नावं त्यांच्या रूपावरून पडलेली नाहीत, माणूस कोणत्या अवस्थेत मेला त्यावरून पडली आहेत. मुंज झाली आणि सोडमुंजीआधी मुलगा गेला, तर मुंजा. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत बाई गेली, तर हडळ. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा. खवीस म्हणजे मुसलमानाचं भूत, असं जुने लोक सांगत. या प्रत्येक शब्दात एक अपुरं राहिलेलं आयुष्य आहे, जातधर्म आहे, बाईच्या बाबतीत तर तिचं लग्न आणि बाळंतपणही आहे. मॉरिगन मुळात कधी माणूस नव्हतीच, ती जन्मापासूनच असुरी. तिला हडळ म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर बाळंतिणीची खोली येते. रॅप्टर हा ऑस्ट्रेलियातला रॉक गायक, त्याला खवीस म्हणायला काहीच आधार नाही. झोंबी आता मराठीत रुळला आहे, तोच ठेवा. ममीही ममीच.

वेताळाची गफलत जुनी आहे. रिचर्ड बर्टनने १८७० मध्ये वेताळपंचविशीतल्या गोष्टी इंग्रजीत नेल्या, तेव्हा पुस्तकाच्या नावातच वेताळाचा व्हॅम्पायर केला. पण विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ रक्त पीत नाही. तो प्रेतात शिरतो, गोष्ट सांगतो आणि कोडं घालतो. त्याच्या जवळ जाणारं पात्र शोधायचंच तर दिमित्रीला सोडा आणि १९९५ च्या दुसऱ्या गेममधल्या चिनी श्येन-कोकडे पाहा. ती जियांगशी, म्हणजे ताठरलेलं चालतं प्रेत. अंग वाकत नाही म्हणून जियांगशी उड्या मारत जातात, आणि कपाळावर मंत्राचा कागद चिकटवला की थांबतात, असा चीनमधला समज. गेममध्ये तिची बहीणच तो कागद होऊन तिच्या टोपीला चिकटलेली असते. त्या कागदाला ‘ताईत’ हा शब्द चपखल बसेल.

प्रतिसाद

वेताळाबद्दल आणखी एक. आम्हा कोकणातल्या आणि गोव्यातल्या लोकांसाठी तो देव आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे. त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात. गोव्यात आमोण्याला बेताळाचं देवस्थान आहे. कृपा करून त्याला रक्तपिपासू करू नका.

प्रश्नकर्ता

हे ध्यानात आलं नव्हतं. दिमित्रीला व्हॅम्पायरच ठेवतो. मग मॉरिगनला काय म्हणू? आणि टॅलबेनला ‘लांडगा-माणूस’ म्हणणं फार बाळबोध वाटतं.

प्रतिसाद

मॉरिगनसाठी ‘यक्षी’ वापरून पाहा. केरळातल्या कथांमधली यक्षी देखण्या रूपात वाटसरूला भुलवते आणि मग त्याचं रक्त पिते. मराठी ‘जखीण’ यक्षिणीवरूनच आली, पण तिचा अर्थ बदलला: कोकणात जखीण म्हणजे नवरा जिवंत असताना मेलेल्या बाईचं भूत. म्हणून जखीण टाळा.

टॅलबेनसाठी ‘वीरवृक’ सुचवतो. इंग्रजी ‘वेअरवुल्फ’मधला ‘वेअर’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘पुरुष’, आणि तो आपल्या ‘वीर’चा सख्खा भाऊ आहे. ‘वुल्फ’ आणि ‘वृक’ही एकाच मुळातून आले. म्हणजे हा शब्द आपण नव्याने घडवत नाही, दोन दूर गेलेल्या भावंडांना पुन्हा शेजारी बसवतो. पहिल्यांदा येईल तिथे फक्त ‘लांडगा होणारा माणूस’ असा खुलासा करा.

एका पात्राचं नाव तुम्ही घेतलंच नाही: शापित चिलखताने पछाडलेला सामुराई बिशामोन. त्याचं भाषांतर करू नका, पण लेखात त्याला चांगला परिच्छेद द्या. बिशामोन हे ‘वैश्रवण’चं चिनीमार्गे जपानला पोचलेलं रूप आहे. वैश्रवण म्हणजे विश्रव्याचा मुलगा कुबेर, यक्षांचा राजा. बौद्ध धर्माबरोबर तो उत्तर दिशेचा राखणदार म्हणून जपानला गेला आणि तिथे योद्ध्यांचा देव झाला. त्या चिलखताचं नाव आहे ‘हान्न्या’. जपानी नाटकातल्या शिंगं असलेल्या मत्सरी स्त्रीच्या मुखवट्यालाही हेच नाव आहे, आणि हान्न्या हा संस्कृत ‘प्रज्ञा’चा जपानी उच्चार.