विषय: जोबर्ग (जोहान्सबर्ग) ते केपटाउन – गाडी की विमान?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे मिडरँडला (जोबर्गजवळ) येताहेत, त्यांना केपटाउन दाखवायचंय. अंतर एके ठिकाणी १,२७० किमी दिसतं, दुसरीकडे १,४००. खरं कुठलं? विमानाला सव्वादोन तास, गाडीला चौदा. बाबांचा हट्ट गाडीचा. "चौदा तासांचं काय कौतुक, एसटीने नागपूरला जायचो की!" म्हणतात.
– मिडरँडचा नवखा

उत्तर:
दोन्ही खरे. पहिला आकडा हवाई अंतराचा, दुसरा एन-१ महामार्गाचा. मुंबई-दिल्लीपेक्षा हवाई अंतर शंभरेक किमी जास्त, एवढंच.
वेळापत्रकातले सव्वादोन तास जातानाचे. येताना दहा-पंधरा मिनिटं कमी लागतात, कारण वरचे वारे पश्चिमेकडून येतात आणि परतीला पाठीशी असतात. पण दारापासून दारापर्यंत पाच तास धरा. मिडरँडहून गाऊट्रेनने (इथली जलद लोकल) निघालात तर मार्लबरोला गाडी बदलायची, मग थेट ओ. आर. टॅम्बो विमानतळ. स्वस्त तिकिटात सामान धरलेलं असतंच असं नाही, ते आधी बघा. आमच्या बेसनलाडवांच्या डब्यांनी एकदा तिकिटाच्या निम्मे पैसे खाल्लेत.
– सेंच्युरियनवाला

उत्तर:
अरे, चौदा तास हे नुसतं चाक फिरण्याचे! आम्ही तीनदा गेलोय, दर वेळी दोन दिवस लागले. सकाळी पाचला निघायचं, व्हाल नदी ओलांडली की फ्री स्टेट प्रांत. चारशे किमीवर ब्लूमफाँटेन, मग ऑरेंज नदी आणि कोल्सबर्गला मुक्काम. दुसऱ्या दिवशी कारू, म्हणजे अर्धवाळवंटच. तासन् तास सरळसोट रस्ता, झुडपं, मेंढ्या, पवनचक्क्या. मला आवडतं, आमच्या ह्यांना तिथे हमखास डुलकी येते, म्हणून स्टिअरिंग माझ्याकडे. डिसेंबरात ऊन भाजून काढतं आणि तिन्हीसांजेला कुडू (मोठी हरणं) रस्त्यावर येतात, त्यामुळे अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचाच. पंपावर (इथले लोक त्याला 'गॅरेज' म्हणतात) स्वच्छतागृहं छान, पण शाकाहारी माणसाच्या नशिबी चीज टोस्ट. धपाटे बांधून घ्या.
गुडघे दुखणाऱ्यांना मात्र हा प्रवास नको. आईंना विचारलंस का?
– रँडबर्गच्या काकू

उत्तर:
काकूंशी सहमत. एक तोड सुचवतो: विमानाने जा, तिथे गाडी भाड्याने घ्या आणि एन-१ वरून उलटं माटीसफाँटेनपर्यंत या. अडीचशेच्या आत अंतर. वाटेत जवळपास चार किमीचा ह्युगेनॉट बोगदा, हेक्स नदीच्या खोऱ्यातले द्राक्षमळे, मग एकदम उजाड कारू. गाव म्हणजे रेल्वे स्टेशन आणि जुनं व्हिक्टोरियन हॉटेल. नाश्ता करून निघालात तर रात्रीच्या जेवणाला परत.
आणि घड्याळ तेच असलं तरी केपटाउन बरंच पश्चिमेला आणि दक्षिणेला. डिसेंबरात जोबर्गला सातला सूर्य मावळतो, तिथे आठला.
– सेंच्युरियनवाला

उत्तर:
काकू, आईला विचारलं. "विमान" एवढंच म्हणाली. तिकिटं काढली. बाबा बोगद्यावर राजी झालेत, पण भाड्याची गाडी तेच चालवणार म्हणतात. लायसन्स पुण्याचं, इंग्रजीत छापलेलं आणि मुदतीतलं आहे, तेव्हा नाही कसं म्हणू? आईची काळजी वेगळीच: दिवेलागण सातला करायची की आठला?
– मिडरँडचा नवखा