मदत हवी आहे: आरसी प्रिसिजन एरोबॅटिक्ससाठी टू-मीटर विमान आत्ताच घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोव्यातल्या साखळीचे. मुलगा अकरावीत आहे, चार वर्षं आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी, विमानं उडवतोय. गावाबाहेरच्या सड्यावर सकाळी वारा पडलेला असतो, तेवढे दीड-दोन तास आमचे. सध्या सव्वा मीटर पंखाचं बाल्साचं इलेक्ट्रिक विमान आहे. लूप (हवेतलं उभं वर्तुळ) शेवटपर्यंत गोल राहिला का, रोल (स्वतःभोवतीची गिरकी) रेषेच्या बरोबर मध्यावर आला का, एवढंच तो बघतो. विमान उतरवलं की स्वतःला दहापैकी गुण देतो आणि ते क्वचितच पाचाच्या वर जातात. त्याला एफ३ए, म्हणजे ठरलेल्या कसरती अचूक उडवण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकाराच्या, वाटेने जायचंय आणि मला त्याच्या पाठीशी नीट उभं राहायचंय.

एफ३ए मध्ये पंखांचा विस्तार आणि लांबी कमाल २ मीटर, वजन कमाल ५ किलो. इंधनावरची ग्लो इंजिनं मागे पडून बहुतेक सगळे इलेक्ट्रिकवर आले. मग बायप्लेनची, म्हणजे एकावर एक दोन पंखांच्या विमानांची, लाट आली. आता कॉन्ट्रा, म्हणजे एकामागे एक, उलट दिशांनी फिरणारे दोन प्रोपेलर. मला एक सेकंड हॅन्ड टू-मीटर मिळतंय, एकपंखी, एकच प्रोपेलर. किंमत माझ्या तीन पगारांएवढी. ते घेतलं आणि उद्या कॉन्ट्राशिवाय टिकावच लागेनासा झाला तर?

दुसरी काळजी उंचीची. स्पर्धेत विमान आपल्यापासून साधारण १५० मीटर अंतरावर उडवायचं आणि कसरतींची चौकट वर ६० अंशांपर्यंत, म्हणजे माथा २६० मीटर उंचीवर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये (उड्डाणाला मोकळ्या भागात) परवानगीशिवाय १२० मीटर उंचीच. दाबोळी आणि मोपा हे दोन्ही विमानतळ आम्हाला लांब आहेत, तरी ही मर्यादा आहेच. मग सराव करायचा कसा?

जाणकारांनी कृपया सांगावं. आमच्याकडे विचारायला कोणी नाही.

प्रतिसाद

दादा, टू-मीटर आत्ता घेऊ नका.

कॉन्ट्राचा फायदा खरा आहे. टॉर्क (प्रोपेलरमुळे विमानाला बसणारा पीळ) आणि शेपटीवर आदळणारा हवेचा पिळदार झोत जवळपास नाहीसा होतो, त्यामुळे उभ्या चढाईत विमान एका बाजूला ओढत नाही. खाली येताना प्रोपेलर ब्रेकचं काम करतात, वेग सारखा राहतो. पण त्याचं वजन ५ किलोत बसवायला बाकीचं विमान हलकं करावं लागतं आणि तिथे पैसा जातो. परीक्षक गुण देतात ते रेषेला, आकाराला. एका प्रोपेलरवर रडरने (शेपटीच्या उभ्या सुकाणूने) रेषा सरळ धरायला शिकलेला हात पुढे कॉन्ट्रावर सहज बसेल. त्याला आधी ते शिकू द्या. बायप्लेनमागेही धावू नका. चांगली एकपंखी विमानं अजूनही वरच्या स्पर्धांत उडतात.

उंचीचं गणित उलटं करा. माथा १२० मीटरवर हवा असेल तर विमान स्वतःपासून ६९ मीटर अंतरावर उडवा. कोन तेच राहतात, चौकट फक्त निम्म्याहून थोडी लहान होते. त्यासाठी तुमचं सव्वा मीटरचंच विमान योग्य आहे. वजन दोन किलोच्या आत असेल तर ड्रोन नियमांतही ते मायक्रो या हलक्या वर्गात बसतं. लहान विमान वाऱ्याने जास्त हलतं, पण तुम्ही सकाळीच उडवता.

पावसाळ्यात घरी बसू नका. एफ३पी हा याच शिस्तीचा इनडोअर प्रकार आहे. पातळ फोमची, शंभर ग्रॅमच्या आतली विमानं बंद हॉलमध्ये उडवतात. हात सैल पडत नाही.

धागाकर्ता

मनापासून आभार. त्याला वाचून दाखवलं तर तो लगेच वजनकाटा घेऊन आला. बॅटरीसकट एक किलो तीनशे भरलं. रविवारी सड्यावर ६९ मीटरवर मधला बांबू रोवतोय आणि त्याच्या दोन्ही बाजूंना १२० मीटरवर एकेक. टू-मीटरवाल्याला नाही म्हणून कळवलंय.

आता एकच विचारायचंय. जूनपासून हॉल लागेल. म्हापशाच्या पेडें इनडोअरमध्ये किंवा नावेलीच्या स्टेडियममध्ये बॅडमिंटनच्या वेळा सोडून तासभर जागा मिळते का? अर्ज कुणाकडे करायचा?