चष्मा, क्लोज्ड-बॅक हेडफोन आणि दुखणारी कानशिले: गादी बदलावी की पट्टा सैल करावा?

पडवीतली वाचक

नमस्कार. मी रत्नागिरीला घरच्या घरी श्राव्यपुस्तकांसाठी वाचन करते. वाचताना हेडफोनमधला आवाज मायक्रोफोनमध्ये शिरता कामा नये, म्हणून क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांच्या हेडफोनखेरीज पर्याय नाही. पंख्याची घरघर नको म्हणून पंखाही बंद असतो, आणि अशा अवस्थेत रोज अडीच-तीन तास बसावे लागते. आवाजाबद्दल माझी तक्रार नाही, पण अंगावर वागवायची वस्तू म्हणून हा हेडफोन आता नकोसा झाला आहे. चाळीस मिनिटे झाली की चष्म्याच्या काड्या जिथे टेकतात तिथे कानशिले ठणकू लागतात. कानाची वरची कड आतल्या जाळीच्या कापडाला घासते. कानांवरच्या कपांना लावलेल्या, दोन पावसाळे सोसलेल्या गाद्यांचे रेक्झिन सोलवटून त्याचा काळा भुगा गालाला चिकटतो, तो आणखी वेगळाच त्रास.

हेडफोन टाकून नवा घेण्याआधी काही दुरुस्ती घरी करता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे. एका परिचितांनी मखमली गाद्या बसवायला सांगितले, दुसऱ्यांनी कपच्या आत कापूस भरायला सांगितले. दोन्ही एकदम करून टाकावे काय?

चष्मिष

एकदम मुळीच करू नका. तुम्ही एका दमात तीन वेगळी दुखणी सांगितली आहेत आणि तिन्हींचे उपाय एकमेकांच्या आड येऊ शकतात. कानशील दुखते ते डोक्यावरच्या पट्ट्याच्या दाबाने, कानाची कड घासते ती गादीची खोली कमी असल्याने, आणि भुगा पडतो तो रेक्झिन जुने झाल्याने. आत कापूस भरून यांपैकी एकही दुखणे बरे होणार नाही, त्यामुळे त्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा.

दाबापासून सुरुवात करा. प्रवासाच्या बॅगा तोलायचा लहान डिजिटल काटा घरात असेल, तर एक कप टेबलाच्या कडेशी धरून दुसऱ्या कपाला काटा अडकवा आणि दोन्ही गाद्यांमधले अंतर तुमच्या डोक्याच्या रुंदीइतके होईपर्यंत ओढा. काट्यावर जो आकडा दिसेल तो लिहून ठेवा. प्रयोगशाळेतली मोजणी ही नव्हे, पण आधी आणि नंतर यांची तुलना करायला पुरते. माझ्या हेडफोनचा आकडा ६०० ग्रॅमच्या आसपास होता, तो मी ४५० पर्यंत उतरवला आणि तिथेच थांबलो.

उतरवण्याची रीत सोपी आहे, फक्त घाई चालत नाही. पट्ट्याच्या आत पोलादी पट्टी आहे का, हे आधी पाहा. असेल तर डोक्याच्या रुंदीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जास्त रुंद होईल असा पुस्तकांचा गठ्ठा करून त्यावर हेडफोन रात्रभर चढवून ठेवा, सकाळी घालून पाहा, आणि गरज वाटली तरच दुसऱ्या रात्री पुन्हा चढवा. पट्टा निव्वळ प्लास्टिकचा असेल तर हा प्रयोग करू नये, कारण तडा बहुधा कप जिथे वळतो त्या सांध्याशी जातो आणि तो सांधा नंतर कोणत्याही डिंकाने धड जुळत नाही. काही जण पट्टा हाताने एका झटक्यात उलटा वाकवतात. तसे केल्यास पट्टी एका जागी मोडल्यासारखी होते आणि दोन्ही कप कानांवर वेगवेगळ्या कोनांत बसू लागतात.

चष्म्याबद्दल सांगायचे तर, जाड प्लास्टिकच्या काड्यांऐवजी बारीक धातूच्या काड्यांचा जुना चष्मा असेल तर ध्वनिमुद्रणापुरता तो वापरा. माझे निम्मे दुखणे एवढ्यानेच गेले. दाब तोच राहतो, पण गादी बारीक काडीभोवती मिटते आणि जाड काडीभोवती मिटत नाही.

आवाजघर

वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण दाब कमी करताना एक व्यवहार ध्यानात ठेवायला हवा. क्लोज्ड-बॅक हेडफोनमध्ये गादी ही केवळ उशी नसते. गादी, कान आणि ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा, पातळ पडद्याचा भाग) यांच्यामध्ये कोंडलेली हवा हा त्या यंत्राचाच एक भाग असतो. खर्जाच्या ४०-५० हर्ट्झच्या स्वराला पडदा सेकंदाला तेवढ्याच वेळा मागेपुढे होतो, म्हणजे हवेला बारीकशा फटीतून निसटायला भरपूर सवड मिळते. उंच स्वरांत तेवढी सवड मिळत नाही. म्हणून फट कितीही लहान असली तरी आधी खर्ज जातो आणि बाकीचा आवाज जवळजवळ तसाच राहतो. चष्म्याची काडी अशी फट पाडते, आणि पट्टा गरजेपेक्षा सैल झाला तर तोही पाडतो.

याची परीक्षा दोन मिनिटांत होते. ४० हर्ट्झचा शुद्ध स्वर हळू आवाजात लावा, चष्मा घालून ऐका, मग दोन्ही कप तळहातांनी हलकेच दाबा. दाबल्यावर स्वर ठळक झाला तर फट आहे. मग चष्मा काढून तेच करा. पट्टा सैल करण्यापूर्वी आणि केल्यानंतर ही परीक्षा घ्यावी. कानाला सुख मिळाले आणि खर्ज हरवला, असे व्हायला नको, विशेषतः तुम्ही मुद्रित आवाजातली हुंकाराची आणि मायक्रोफोनवर आदळणाऱ्या श्वासाची खोट हेडफोनवरच शोधत असाल तर.

आता मखमलीकडे येतो. मखमली गाद्या गरम होत नाहीत, घाम शोषतात आणि त्यांचा भुगा पडत नाही, हे सगळे खरे आहे. पण मखमलीतून हवा आरपार जाते. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो हा १९८० च्या दशकापासून चालत आलेला क्लोज्ड-बॅक हेडफोन मुख्यतः मखमली गाद्यांवर विकला जातो आणि त्याचा खर्ज दणदणीत असतो, कारण त्याची आतली रचनाच त्या गाद्या धरून केलेली आहे. रेक्झिनच्या गाद्या गृहीत धरून बनवलेल्या हेडफोनला मखमल चढवली की खर्ज ओसरतो, वरचे स्वर बदलतात आणि बाहेरचा आवाजही अधिक आत येतो. तुमच्या बाबतीत उलटी वाटही महत्त्वाची आहे: हेडफोनमधला आवाज बाहेर मायक्रोफोनकडे जास्त जाईल. ज्या कारणासाठी क्लोज्ड-बॅक घेतला, त्याच कारणावर पाणी पडेल.

माझ्या मते तुमच्यासाठी रेक्झिनच्याच, पण अधिक खोल आणि हळू उसळणाऱ्या फोमच्या गाद्या योग्य ठरतील. सोनीच्या एमडीआर-७५०६ किंवा ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स यांसारख्या स्टुडिओंत रुळलेल्या हेडफोनांसाठी इतर उत्पादकांच्या अशा गाद्या सहज मिळतात. तुमच्या हेडफोनला त्या बसतील की नाही, हे गादीमागच्या ओठाचा, म्हणजे कपच्या खाचेत अडकणाऱ्या कडेचा, घेर मोजून ठरवा. खोल गादीनेही आवाज थोडा बदलतो, कारण ड्रायव्हर कानापासून दूर जातो. तो बदल संगणकावरच्या इक्वलायझरने (खालचे-वरचे स्वर वेगवेगळे कमीजास्त करण्याच्या सोयीने) बऱ्याच अंशी सावरता येतो. फटीतून गेलेला खर्ज मात्र इक्वलायझरने परत आणू पाहिला तर ड्रायव्हरवर ताण येतो आणि मान जराशी वळली की हिशेब पुन्हा चुकतो.

डिंकखिळे

गाद्या विकत घेण्याआधी फुकटचा एक उपाय करून पाहा. जुनी गादी काढा आणि तिच्या ओठाखाली, कपच्या कडेने, दारा-खिडक्यांच्या फटी बुजवायची फोमची पट्टी गोल बसवा. गादी तीन-चार मिलिमीटर वर उचलली जाते. यातली खुबी अशी की पट्टी सगळीकडे सारखी लावू नये. कान मागच्या बाजूला डोक्यापासून अधिक सुटलेला असतो, म्हणून मागच्या अर्ध्या घेरात दोन थर आणि पुढच्या अर्ध्यात एकच थर लावला की ड्रायव्हर कानाच्या कोनात वळतो आणि कडेचे घासणे थांबते. बाजारात मिळणाऱ्या तिरक्या गाद्या याच तत्त्वावर केलेल्या असतात. पट्टी मात्र सलग असावी, सांध्यात फट राहिली तर आवाजघर यांनी सांगितलेली गळती तिथूनच होईल.

कापसाबद्दल चष्मिष यांनी विषय संपवला, पण तो सल्ला आला कुठून, हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तो सर्वस्वी खुळा नाही. बंद कपात ड्रायव्हरच्या मागचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो. ३ किलोहर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेअकरा सेंटिमीटर असते आणि तिची अर्धी लांबी कपच्या आतल्या रुंदीच्या जवळपास येते, म्हणून त्या भागात आवाज कर्कश किंवा पोकळ वाटू शकतो. तिथे पिंजलेला कापूस किंवा नमद्याचा तुकडा उपयोगी पडतो. फॉस्टेक्सचा टी५०आरपी हा अर्धखुला हेडफोन तर या उद्योगासाठीच जगभर प्रसिद्ध आहे: लोक त्याच्या कपांची हवेची भोके बुजवतात, कपच्या भिंतींना आतून मॉडेलिंगची माती लिंपतात, कापूस चिमूटभर वाढवून-घटवून ऐकत बसतात. अमेरिकेतल्या डॅन क्लार्क यांच्या कंपनीने आपला धंदा टी५०आरपी सुधारून विकण्यापासूनच उभा केला. पण हे सगळे आवाजासाठी. तुमच्या कपात माती लिंपली तर वजन वाढेल आणि आज न दुखणारी टाळू उद्या दुखू लागेल.

तरीही कधी कप उघडलाच तर दोन सावधगिऱ्या पाळा. ड्रायव्हरचे चुंबक पेचकस स्वतःकडे ओढून घेते आणि टोक पडद्यात घुसते. मी एक ड्रायव्हर असाच घालवला आहे. दुसरे म्हणजे झटपट चिकटणारा सायनोअ‍ॅक्रिलेट डिंक बंद जागेत वापरू नये, त्याची वाफ आजूबाजूला पांढरट थर धरते. चिकटवायचेच असेल तर मेडिकलच्या दुकानातली कागदी पट्टी वापरा, ती नंतर मागमूस न ठेवता निघते.

भुग्याबद्दल: कृत्रिम चामड्यातले पॉलियुरेथेन दमट हवेत पाण्याशी अभिक्रिया होऊन विघटित होते. कोकणात ते लवकर होणारच. वापरानंतर कोरड्या कापडाने घाम पुसणे, हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवणे आणि डोक्याला तेल लावलेल्या दिवशी तो न घालणे, एवढे आपल्या हाती आहे. स्पिरिटने पुसू नका, वरचा थर आणखी लवकर सुटतो.

पडवीतली वाचक

सर्वांचे आभार. तुमच्या सूचनेप्रमाणे एका वेळी एकच गोष्ट केली, त्यामुळे पंधरा दिवस लागले. पट्टा दोन रात्री पुस्तकांवर ठेवला, काट्यावरचा आकडा ५८० वरून ४९० वर आला. तिसरी रात्र ठेवली नाही, कारण ४० हर्ट्झचा स्वर चष्मा घालून किंचित विरळ वाटू लागला होता. बारीक काड्यांचा जुना चष्मा शोधून काढल्यावर तो पुन्हा भरला. फोमच्या पट्टीने कडेचे घासणे थांबले, म्हणून धीर करून खोल गाद्या मागवल्या आणि त्यांच्याखालची मागच्या अर्ध्या घेरातली पट्टी तशीच ठेवली. आता दीड तास सलग बसवते. त्यानंतर कान तापतात, पण ते दुखणे नव्हे.

दोन शंका उरल्या आहेत. एक म्हणजे, खोल गाद्यांत माझाच आवाज मला घागरीत बोलल्यासारखा घुमतो. दुसरी म्हणजे, खर्जाचा स्वर डाव्या कानात उजव्यापेक्षा कमी येतो, आणि हे जुन्या गाद्यांत होत नव्हते.

आवाजघर

पहिल्यात बिघाड काही नाही. कान बंद झाला की स्वतःच्या आवाजातला हाडांवाटे कानाच्या नळीत येणारा खर्ज बाहेर पडू शकत नाही, म्हणून तो घुमतो. बोटे कानांत घालून बोलून पाहा, तोच प्रकार ऐकू येईल. गाद्या पूर्वीपेक्षा चांगल्या बसल्याची ती खूणच आहे. कित्येक वाचक यासाठी एक कप अर्धा मागे सरकवून बसतात. तसे करायचे झाल्यास मायक्रोफोनपासून दूरच्या बाजूचा कप सरकवा आणि त्या बाजूचा आवाज मिक्सरवर बंद करा.

दुसऱ्या शंकेसाठी ड्रायव्हरला दोष देण्याआधी हेडफोन उलटा घालून पाहा, म्हणजे डावा कप उजव्या कानावर. खर्जाची उणीव कपाबरोबर दुसऱ्या कानाकडे गेली, तर त्या गादीचा ओठ कपच्या खाचेत पूर्ण बसलेला नाही असे समजावे. नव्या गादीचा ओठ ताठ असतो, आणि तुम्ही खाली पट्टी ठेवल्यामुळे तो बाहेर ढकललाही जात असेल.

पडवीतली वाचक

उणीव कपाबरोबरच फिरली. मागच्या बाजूला, पट्टीचे दोन थर जिथे सुरू होतात नेमके तिथे, दोन सेंटिमीटरभर ओठ बाहेर राहिला होता. दुहेरी थराचे टोक कात्रीने उतरते कापले आणि जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ओठ खाचेत सारला. आता दोन्ही कानांत स्वर सारखा येतो.