गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात पण स्कॉलरशिपचं गाईड? चौथी-पाचवीच्या पोरांना किती ताण द्यायचा?

सातरस्ता_पालक

आधीच सांगतो म्हणजे खाली कुणी वेगळा अर्थ काढायला नको, मी परीक्षेच्या विरोधात नाहीये. स्कॉलरशिप द्यावी, नवोदय म्हणजे सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा पण द्यावी, पोरांना बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवायला मजा येते हे मी घरात बघतोय. पण त्यासाठी नऊ-दहा वर्षांच्या पोराचं अख्खं वर्ष त्या गाईडमध्ये घालायचं हे मला अजिबात पटत नाही.

यंदा आमच्या बिल्डिंगमधल्या दोन पोरांना गड्ड्यावर पाठवलंच नाही. कारण काय तर क्लासवाल्यांनी संक्रांतीच्या सुट्टीत जादा तास ठेवलेत. सोलापुरात राहून सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघालेत, अक्षता सोहळा चाललाय, शोभेचं दारूकाम चाललंय आणि पोरगं घरात बसून घड्याळाच्या काट्यांमधला कोन काढतंय. हे काय बरोबर आहे का?

स्कॉलरशिप आधी चौथीला होती, 2016-17 पासून पाचवीला गेली, आणि आता सरकारने परत चौथीला आणलीय. म्हणजे पोर आणखी एक वर्षाने लहान झालं. पण आपल्याकडची तयारीची पद्धत तीच, पहाटे उठवा, शाळा, मग क्लास, मग रात्री टेस्टची उजळणी. या वयाच्या पोराला रोज नऊ ते बारा तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, ती मिळाली नाही की सगळ्यात आधी लक्ष जातं आणि लक्ष गेलं की गणितात बेरजेच्या चुका सुरू. मग आपण म्हणतो पोरगं हलगर्जी आहे.

माझं म्हणणं एवढंच की घरी रोज पाऊण तास, फार तर एक तास आणि रविवारी एक पेपर. यापेक्षा जास्त नको. तुम्हाला काय वाटतं ते मोकळेपणाने सांगा.

माग_अशोकचौक

काय ओ दादा, तुमचं बरं आहे. सात रस्त्यावर राहून असलं बोलायला काय जातंय. मी माग चालवतो, घरात बायको विड्या वळते. माझं पोरगं यंदा नवोदयची तयारी करलालंय. पोखरापूरच्या नवोदयमध्ये लागलं तर सहावी ते बारावी राहणं, खाणं, पुस्तकं सगळं सरकार बघतंय. मला असली शाळा पैसे देऊन कुठं मिळणार सांगा.

आणि तिथं जागा किती तर 80. त्यात बसलालेत हजारो. शहरातल्या पोराला तर आणखी कमी, कारण किमान पंचाहत्तर टक्के जागा खेड्यातल्या पोरांना. आणि एकदाच बसता येतंय, हुकलं की पुढच्या वर्षी परत नाही. अशा परीक्षेला तुम्ही पाऊण तास म्हणताव? तुमच्या पोराचं नाही झालं तर तुम्ही चांगल्या शाळेत फी भरून घालाल, माझ्या पोराचं नाही झालं तर काय? गड्डा काय दरवर्षी येतोय की ओ.

होटगीरोडची_आई

दादा तुमची तळमळ कळते पण एक सांगते. माझी लेक मागच्या वर्षी पाचवीत होती, क्लासचं नाव घेत नाही, पण तिथे दर रविवारी टेस्ट आणि संध्याकाळी सगळ्या पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मार्कांची यादी नावासकट. दिवाळीनंतर दर रविवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही नाही. मग त्यांनीच विचारलं की रविवारी काय असतं. तेव्हा आमच्या लक्षात आलं की पेपरला ती घाबरत नव्हतीच, ती यादीला घाबरत होती, कारण यादी आली की सासूबाई विचारणार, शेजारच्या काकू विचारणार, आणि तिची मैत्रीण वर असली की दुसऱ्या दिवशी शाळेत विषय.

ग्रुप म्यूट केला, घरात यादीवर बोलायचं नाही असं ठरवलं, टेस्ट मात्र चालू ठेवली. पोटदुखी थांबली. अभ्यास तेवढाच होता बरं का, एक तास पण कमी केला नव्हता.

स्पर्धा_विजापूररोड

मला हे सगळं जरा अतीच वाटतंय. ताण ताण म्हणून आपण पोरांना फार मऊ करतोय. उद्या नीट-जेईईला हेच पोरगं लाखो मुलांबरोबर बसणार आहे, तेव्हा कोण ग्रुप म्यूट करणार? यादीत नाव खाली आलं तर वाईट वाटतं, वाटू दे की, त्यातनंच पुढच्या वेळी जोर लावतात. आमच्या वेळी गुरुजी वर्गात पेपर वाटताना मार्क मोठ्याने वाचायचे, कुणाचं काय बिघडलं? शिस्त लहानपणी लागली तर लागते, नाहीतर दहावीत मोबाईल हातातनं सुटत नाही.

सातरस्ता_पालक

@स्पर्धा_विजापूररोड सतरा वर्षांच्या पोराला कळतं की आपण ही परीक्षा का देतोय, त्याला ती स्वतःला हवी असते. नऊ वर्षांच्या पोराला फक्त एवढंच कळतं की मार्क कमी आले की आईबाबांचा चेहरा बदलतो. दोघांना एकच माप लावू नका. आणि वर्गात मार्क मोठ्याने वाचले तेव्हा जी पोरं शेवटच्या बाकावर बसून सातवीत शाळा सोडून गेली ती आज इथे लिहायला नाहीयेत, त्यांना विचारायला पाहिजे बिघडलं का नाही ते.

@माग_अशोकचौक दादा, तुमचा मुद्दा मोठा आहे, तो मी उडवून लावणार नाही. पण जास्त तास बसवलं की जास्त येतं हे मला अजूनही मान्य नाही. कुणी शिक्षक असतील तर त्यांनी सांगावं.

झेडपी_गुरुजी_मोहोळ

बरीच वर्षं पोरं बसवतोय म्हणून लिहितो. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे पण तासांवर भांडण्यात अर्थ नाही, त्या तासात काय करता ते बघा.

स्कॉलरशिपचा नमुना बघा. एकाच दिवशी दोन पेपर, प्रत्येक दीड तासाचा, प्रत्येकी 75 प्रश्न, 150 गुण. पहिल्यात भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. दीड तासात 75 प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला बहात्तर सेकंद. पोरं अडकतात ती न येणाऱ्या प्रश्नाशी झटत बसून, आणि सोडायची सवय लावली नसते म्हणून. माझ्या वर्गात पहिला महिना मी फक्त हेच शिकवतो की येत नाही तो सोड, खूण कर, पुढे जा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, स्कॉलरशिपला पण नाही आणि नवोदयला पण नाही, त्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत राहिलेले गोल भरायचे. एवढं कळलं तरी पोराची अर्धी भीती जाते, कारण रिकामं राहिलं म्हणून रडायची वेळच येत नाही.

दुसरं म्हणजे उत्तरपत्रिका. प्रश्न 14 चं उत्तर 15 च्या गोलात भरलं की पुढचं सगळं सरकतं. हुशार पोरं यात जातात. घरी नुसतं पुस्तकात टिक करून सराव करू नका, गोलांची उत्तरपत्रिका झेरॉक्स मारून आणा आणि पेनाने भरायला लावा.

आणि नवीन धडा शेवटच्या पंधरा दिवसांत काढूच नका. त्या दिवसात फक्त चुकलेल्या प्रश्नांची वही. पालक उलट करतात, शेवटी तीन नवीन गाईडं आणतात.

गड्ड्याचं म्हणाल तर पाठवा की ओ, एका संध्याकाळने काही जात नाही. पोरं परत आली की दुसऱ्या दिवशी नीट बसतात हे मी बघितलंय.

माग_अशोकचौक

गुरुजी तुम्ही सांगितलं ते पटलं, ते गोलाचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण घरी बसवायला माणूस पाहिजे ना. माझी पाळी असती, बायकोला मराठी वाचायला तेवढं येत नाही, घरी आम्ही तेलुगू बोलतो. पोराला गणित येतं पण उताऱ्यात मार खातंय. म्हणून क्लासला घातलंय, हौस म्हणून नाही.

पूर्वभाग_ताई

हे आमच्याकडे घरोघरी आहे. माझ्या भाच्याचं पण असंच होतं, घरी तेलुगू, शाळेत मराठी. उतारा येत नाही म्हणजे पोरगं कच्चं आहे असं नसतं, त्याच्या कानावर मराठी कमी पडलेली असते एवढंच. त्याला आणखी उतारे सोडवायला लावून उपयोग झाला नाही. आम्ही काय केलं, रोज पेपरातली एक छोटी बातमी मोठ्याने वाचायची आणि आजीला तेलुगूत सांगायची. आजी अडाणी पण प्रश्न असे विचारायची, मग कोण पडलं, कुठं पडलं, का पडलं. उताऱ्याखाली तरी वेगळं काय असतं! त्याला तो अभ्यास वाटलाच नाही. दादा तुमच्या घरी पण जमेल, वहिनी विड्या वळताना ऐकतील, त्यांना वाचता यायलाच पाहिजे असं नाही.

स्पर्धा_विजापूररोड

हे चांगलं आहे, मान्य. पण यादीबद्दल माझं मत तेच आहे, पोराला आपण कुठं उभे आहोत ते कळायलाच पाहिजे.

होटगीरोडची_आई

कळू दे की, पण त्याचं त्याला. मागच्या रविवारी 40 बरोबर होते, आज 46, हे लेकीने वहीत स्वतः लिहिलेलं चालतं मला. शंभर घरांत वाचलं जाणारं नको.

सातरस्ता_पालक

ताईंचं आजीचं उदाहरण वाचून माझा पाऊण तासाचा हट्ट मी सोडतो असं नाही, पण त्यात असली बातमी वाचणं मोजायचं नाही असं ठरवतो. @माग_अशोकचौक दादा, निकालाच्या दिवशी पोराला काय सांगायचं ते मात्र वहिनींशी आत्ताच बोलून ठेवा. 80 जागा आहेत म्हणजे नंबर न लागणारी पोरंच जास्त असणार, त्यात चांगली तयारी केलेली पण असतील. ‘तुझ्यावर सगळं आहे’ हे वाक्य त्याच्या कानावर पडू देऊ नका, तेवढी एक विनंती.

माग_अशोकचौक

हे वाक्य घरात रोज होतंय ओ. आई म्हणते त्याला, माझी आई. सांगतो तिला. गुरुजी, जुने पेपर कुठं मिळतात? क्लासवाले सेटचे पैसे मागलालेत.

झेडपी_गुरुजी_मोहोळ

पैसे देऊ नका. स्कॉलरशिपचे जुने पेपर राज्य परीक्षा परिषदेच्या वेबसाइटवर फुकट आहेत, उत्तरसूचीसकट. नवोदयचे तुमच्या शाळेतल्या सरांकडे मागा, बहुतेक शाळांत मागच्या पोरांचे पेपर ठेवलेले असतात. नाहीच मिळाले तर इथे सांगा, मी झेरॉक्स पाठवतो. मागाचा आवाज घरात येत असेल तर पेपर सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी सोडवायला बसवा, आणि तोही पूर्ण दोन तासांचा एकदम नको, आधी नुसता गणिताचा भाग अर्ध्या तासात.