थंडीत सकाळी स्टेअरिंग थरथरतं, नंतर आपोआप थांबतं. कारण काय असेल?

गाडी रात्रभर उभी असली की सकाळी 40-50 च्या स्पीडला स्टेअरिंग हाताला जाणवेल इतकं थरथरतं आणि दहा-पंधरा मिनिटं चालवली की एकदम गुळगुळीत, चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं तरी तेच, दुपारी काहीच नाही. चालवायला धोका आहे का?

उत्तर १:
टायरला फ्लॅट स्पॉट पडत असणार. उभ्या गाडीचं वजन टायरच्या एकाच भागावर येतं, तो भाग चपटा होतो आणि थंडीत रबर, आतलं नायलॉन कडक झालेलं असतं म्हणून टायर गरम होईपर्यंत तसाच राहतो. आधी हवा बघा, तीही सकाळी गाडी काढायच्या आधी. तापमान 5-6 अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण 1 पीएसआय (दाबाचं माप) कमी होते, आणि हवा कमी असली की चपटेपणा वाढतो.

उत्तर २:
+१. बॅलन्सिंगचा प्रॉब्लेम असता तर गरम झाल्यावरही राहिला असता, आणि तो बहुतेक 80 च्या पुढे जाणवतो. गाडी उभी असताना नुसत्या इंजिनवर थरथर आहे का तेवढं सांगा, असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिनखालचे रबरी आधार, खराब. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेकच्या डिस्कचा प्रॉब्लेम.

प्रश्नकर्ता:
उभी असताना नाही, ब्रेकचाही संबंध नाही. आणि हो, टायर सहा वर्षं जुने आहेत.

उत्तर १:
मग टायरच. साइडवॉलला (टायरच्या बाजूला) भेगा किंवा फुगवटा दिसला तर थांबू नका, लगेच बदला प्लीज.