३०० डॉलर मर्यादेचे सबप्राइम कार्ड : घ्यावे, की कागद फाडून टाकावा?

पाटीकोरी

अमेरिकेत राहणाऱ्या आणि एकदा पत घालवून पुन्हा उभी केलेल्या मंडळींचा सल्ला हवा आहे. दोन वर्षांपूर्वी माझी नोकरी गेली, तेव्हा दोन क्रेडिट कार्डांची बिले थकली आणि दोन्ही कंपन्यांनी अखेर ती बाकी बुडीत खात्यात टाकली. पुढे तडजोड करून मी दोन्ही देणी मिटवली, परंतु पतीचा स्कोअर (क्रेडिट स्कोअर) अजून ५४८ वरच रेंगाळतो आहे. ३०० ते ८५० या मापात त्याची जागा कोणती, हे मला आरसा दाखवून कोणी सांगायला नको. नोकरी पुन्हा लागून आठ महिने झाले आहेत.

गेल्या आठवड्यात टपालाने 'आपली पूर्वनिवड झाली आहे' असे सांगणारे एक जाड, गुळगुळीत पत्र आले. दर्शनी बाजूला माझे नाव छापलेल्या सबप्राइम, म्हणजे पत बिघडलेल्यांसाठीच्या, कार्डाचे चित्र आहे आणि मागे, बारीक अक्षरांच्या चौकटीत, अटी आहेत. मर्यादा ३०० डॉलर. खाते उघडण्यापूर्वी एकदाच भरायचे प्रक्रिया शुल्क ९५ डॉलर. पहिल्या वर्षाचे वार्षिक शुल्क ७५ डॉलर. दुसऱ्या वर्षापासून वार्षिक ४८ डॉलर, शिवाय दरमहा ८ डॉलर. व्याजदर ३५.९९ टक्के. माझा कल ते घेण्याकडे आहे, कारण वर्षभर दरमहा वेळेवर पैसे भरल्याची नोंद हवी असेल तर आधी नोंद होईल असे खाते तर हवे, आणि ते देणारे दुसरे कोणी सध्या माझ्या दारात उभे नाही. यात माझे काही चुकते आहे का?

ठेवपावती

चुकते आहे, आणि ते तुम्हीच दिलेल्या आकड्यांत दिसते. पहिल्या वर्षी तुम्ही १७० डॉलर मोजणार आणि त्या बदल्यात वापरायला मिळणार २२५ डॉलर, कारण वार्षिक शुल्काचे ७५ डॉलर कार्ड हाती पडण्यापूर्वीच मर्यादेतून वजा झालेले असतील.

हा ७५ चा आकडा असाच सुचलेला नाही. २००९ च्या क्रेडिट कार्ड कायद्याने पहिल्या वर्षातील शुल्कांवर मूळ मर्यादेच्या २५ टक्क्यांची कमाल मर्यादा घातली आणि ३०० चे २५ टक्के बरोबर ७५ होतात. म्हणजे कंपनीने कायद्याच्या काठापर्यंत भांडे भरून घेतले आहे. मग ९५ डॉलर कुठून आले? खाते उघडण्यापूर्वी घेतलेले शुल्कही या २५ टक्क्यांत मोजावे असा नियम २०११ मध्ये करण्यात आला होता, परंतु दक्षिण डाकोटातील संघीय न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २०१३ मध्ये ग्राहक वित्त संरक्षण ब्युरोने तो नियम मागे घेतला. त्या फटीतूनच हे प्रक्रिया शुल्क येते. दुसऱ्या वर्षी तर २५ टक्क्यांची मर्यादा लागूच नाही, म्हणून तेथे ४८ अधिक ९६, असे १४४ डॉलर दिसतात.

याउलट वार्षिक शुल्क नसलेले सिक्युअर्ड कार्ड घेतले, तर साधारण २०० डॉलर ठेव म्हणून द्यावे लागतात, परंतु ते तुमचेच राहतात आणि खाते नीट चालवून बंद केल्यावर परत मिळतात. नोंद मात्र तशीच होते, आणि स्कोअर काढताना ठेवीवरचे कार्ड म्हणून त्याला कमी लेखले जात नाही. जी वस्तू ठेव ठेवून मिळते, तिच्यासाठी १७० डॉलर कायमचे का द्यावेत?

काठावरून

ठेवपावती यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो ज्याच्या खिशात २०० डॉलर पडून आहेत त्याचा हिशेब आहे. दिवाळखोरीनंतर मी स्वतः असेच एक कार्ड घेतले होते. त्याआधी दोन ठिकाणी सिक्युअर्ड कार्डासाठी अर्ज केला आणि दोन्हीकडून नकार आला. ठेव हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही नकार मिळू शकतो, हे तोवर मला ठाऊक नव्हते. माझ्या कार्डाचे वार्षिक शुल्क ७५ डॉलर होते. त्यावर मी केवळ फोनचे बिल लावले, ते दरमहा पूर्ण फेडले, आणि चौदा महिन्यांनी एका साध्या, शुल्क नसलेल्या कार्डासाठी पात्र ठरताच जुने खाते बंद केले. नीट चालवलेले खाते बंद झाल्यानंतरही दहा वर्षांपर्यंत क्रेडिट रिपोर्टवर, म्हणजे पतीच्या नोंदवहीत, दिसू शकते, त्यामुळे ते ७५ डॉलर अजूनही माझ्यासाठी राबत आहेत.

थांबण्याचीही किंमत असते, ती येथे कोणी धरत नाही. पत वाईट असेल तर मोटारीच्या कर्जावर जास्त व्याज पडते. मोटार विम्याचा हप्तासुद्धा बहुतेक राज्यांत पत पाहून ठरतो. कॅलिफोर्निया, हवाई आणि मॅसॅच्युसेट्स येथे त्याला बंदी आहे, बाकी बऱ्याच ठिकाणी नाही. 'सहा महिने पैसे साठवा आणि मग बघा' असे सांगणाऱ्याने त्या सहा महिन्यांचा जादा विमाहप्ताही मांडून दाखवावा.

ठेवपावती

आपल्या अनुभवाचा आदर राखून दोनच गोष्टी सांगतो. एक, आपल्या कार्डाला प्रक्रिया शुल्क नव्हते, त्यामुळे आपण ७५ डॉलरच्या सौद्याचे समर्थन करता आहात आणि येथे सौदा १७० चा आहे. दोन, ज्याच्याकडे २०० डॉलर नाहीत त्याच्यासाठी हे कार्ड आहे असे म्हणावे, तर खाते उघडण्यापूर्वी रोख ९५ डॉलर मागणारी कंपनी तरी त्याची अडचण कुठे समजून घेते? ज्या दिवशी हे ९५ डॉलर जमतील, त्या दिवशी सिक्युअर्ड कार्डाच्या ठेवीला केवळ १०५ कमी पडतील.

उंबरठा

मी या वादात एरवी पडलो नसतो, पण कार्ड घेण्याविषयी एवढे बोलले जात आहे आणि सोडण्याविषयी कोणीच बोलत नाही, म्हणून लिहितो. माझेही असे एक कार्ड होते. दहा महिने शिस्तीने वापरले, बाकी शून्यावर आणली, दुसरे चांगले कार्ड मिळाले आणि हे मी स्वयंपाकघरातल्या खणात, हमीपत्रे आणि सुट्या किल्ल्यांच्या खाली टाकून दिले. माझ्या लेखी विषय संपला होता. खाते बंद करण्यासाठी फोन करावा लागतो, ते राहून गेले.

दुसरे वर्ष सुरू होताच शुल्क लागले. मी तोवर घर बदलले होते आणि बिल जुन्या पत्त्यावर गेले. एकही वस्तू विकत न घेता माझ्या नावावर बाकी तयार झाली, त्यावर विलंब शुल्क बसले, आणि तीस दिवस उलटल्यावर ती थकबाकी लोकांच्या पतीची नोंद ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट ब्युरोंकडे कळवली गेली. कंपनीला मी फोन केला, तेव्हा पलीकडच्या बाईंनी अतिशय सौजन्याने शुल्काचा अर्धा भाग माफ केला. थकबाकीची नोंद मात्र खरी असल्यामुळे काढता येणार नाही असे सांगितले, आणि नियमाने पाहता त्या चूक नव्हत्या. जी पत सावरण्यासाठी कार्ड घेतले होते, तिलाच त्याच कार्डाने सात वर्षांचा नवा डाग लावला. मूळ रक्कम किती होती हे लिहायचीही लाज वाटते.

हिशेबनीस

वरील सर्व प्रतिसाद वाचल्यावर मला वाटते की वाद थोडा पुढच्या टप्प्यावर सुरू झाला आहे. पाटीकोरी, नवे खाते घेण्यापूर्वी जुन्या दोन खात्यांची नोंद आज कशी दिसते, हे आपण पाहिले आहे का? तडजोडीने मिटवलेले देणे रिपोर्टवर शून्य बाकीने दिसायला हवे. पुष्कळदा ते तसे दिसत नाही, जुनी बाकी तशीच लोंबकळत राहते. इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही ब्युरोंचा रिपोर्ट आता दर आठवड्याला विनाशुल्क मागवता येतो, आणि चूक दाखवून दिली की साधारणतः तीस दिवसांत चौकशी करण्याचे बंधन ब्युरोवर असते. हे काम फुकट आहे. शिवाय वाईट नोंद रिपोर्टवर राहण्याची सात वर्षे मोजतात ती आपण पैसे फेडल्या दिवसापासून नव्हे, तर ज्या थकबाकीतून पुढे खाते बुडीत गेले तिच्या पहिल्या तारखेपासून. त्यामुळे त्या तारखाही तपासाव्यात.

आता कार्डाविषयी. ३५.९९ टक्के हा आकडा पाहून लोक दचकतात. दरमहा पूर्ण रक्कम मुदतीत भरणाऱ्याला खरेदीवर सहसा व्याज पडत नाही, पण बाकी ठेवणाऱ्याला १०० डॉलरवर महिन्याला सुमारे ३ डॉलर पडते. असा दर देशभर लावता कसा येतो, असे कोणी विचारील, तर त्याचे मूळ १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे : राष्ट्रीय बँकेला स्वतःच्या मूळ राज्यातला व्याजदर इतर राज्यांतील ग्राहकांनाही लावता येतो. त्यानंतर दक्षिण डाकोटाने व्याजावरची कमाल मर्यादाच उठवली आणि कार्डांचा धंदा तिकडे सरकला.

या कार्डाची खरी अडचण मर्यादेच्या लहानपणात आहे. फायको या सर्रास वापरल्या जाणाऱ्या स्कोअरमध्ये वेळेवर भरण्याला सुमारे ३५ टक्के आणि देणे असलेल्या रकमेला सुमारे ३० टक्के वजन असते. या दुसऱ्या भागात मर्यादेपैकी किती वापरले हे पाहिले जाते. ७५ डॉलरचे शुल्क लागले की एकही खरेदी न करता आपण २५ टक्के वापर दाखवता. त्यावर १०० डॉलरचा किराणा घेतला, की वापर ५८ टक्क्यांवर जातो, मग पुढे आपण तो पूर्ण फेडणार असलात तरीही. बिल तयार होण्याच्या तारखेआधीच पैसे भरून हे टाळता येते, पण त्यासाठी तारखा सांभाळाव्या लागतात, आणि उंबरठा यांची खणातली गोष्ट आपण वाचलीच.

आणखी एक, पूर्वनिवड म्हणजे मंजुरी नव्हे. अर्ज केला की रिपोर्टवर चौकशीची नोंद होते, ती दोन वर्षे राहते.

घाईत कुठे अर्ज केलाच, तर एवढे ध्यानात असावे की नव्या कार्डाच्या अटी हाती आल्यावर, ते वापरण्यापूर्वी आणि वार्षिक शुल्क भरण्यापूर्वी, खाते नाकारता येते आणि मग ते शुल्क देणे लागत नाही. जवळच्या क्रेडिट युनियनमध्येही, म्हणजे सभासदांच्या मालकीच्या पतसंस्थेतही, विचारून पाहावे. संघीय क्रेडिट युनियनना सर्वसाधारण कर्जावर आणि कार्डावर सध्या १८ टक्क्यांपेक्षा जास्त व्याज लावता येत नाही, आणि पत उभारण्यासाठीचे छोटे कर्ज काही ठिकाणी मिळते. त्यात कर्जाची रक्कम त्यांच्याकडेच अडकवून ठेवतात आणि हप्ते संपल्यावर तुम्हाला देतात.

काठावरून

जुनी नोंद आधी तपासावी, हे मान्य. परंतु क्रेडिट युनियनचा सल्ला प्रत्येक वेळी एवढ्या सहजपणे दिला जातो, की जणू तेथे दार उघडेच असते. त्यांच्याकडेही सभासदत्वाच्या अटी असतात, त्यांच्याकडेही पत पाहिली जाते, आणि मला त्यांनीही परत पाठवले होते. ज्याला तिन्हीकडून नकार मिळाला आहे, त्याच्यासाठी प्रक्रिया शुल्क नसलेले ७५ डॉलरचे कार्ड आजही वाईट नाही, या मतावर मी ठाम आहे; बंद करण्याची तारीख घेतल्या दिवशीच दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, एवढी भर उंबरठा यांच्यामुळे घालतो. पाटीकोरी यांना अजून कोणीही नकार दिलेला नाही, हे मात्र माझ्या आधी लक्षात आले नव्हते. त्यांनी विचारलेलेच नाही.

पाटीकोरी

खरेच विचारले नव्हते. टपालाने जे आले त्यालाच मी बाजार समजून बसले होते.

रविवारी तिन्ही रिपोर्ट काढले. मिटवलेल्या दोन खात्यांपैकी एक, दोन ब्युरोंकडे अजून ६१२ डॉलर बाकी दाखवते आहे, तिसऱ्याकडे ते शून्य आहे. तडजोडीचे पत्र माझ्याजवळ होते, ते जोडून दोन्हीकडे तक्रार नोंदवली आहे. हे कार्ड घेत नाही. त्याच्या प्रक्रिया शुल्कासाठी काढून ठेवलेले ९५ डॉलर वेगळ्या खात्यात टाकले आहेत आणि पुढच्या दोन पगारांत बाकीचे १०५ घालून सिक्युअर्ड कार्डासाठी अर्ज करीन. तेथे नकार मिळाला, तर काठावरून यांच्या वाटेने जाण्याची माझी तयारी आहे, पण ७५ च्या वर नाही.

एक शंका उरते. एकदा अर्ज केला नाही, म्हणून ही पत्रे यायची थांबणार आहेत का?

हिशेबनीस

आपोआप थांबणार नाहीत. ब्युरोंनी आपले नाव अशा याद्यांत देऊ नये, असे पाच वर्षांसाठी किंवा कायमचे कळवता येते. पाच वर्षांचे काम ऑनलाइन किंवा फोनवर होते, कायमसाठी सही केलेला कागद पाठवावा लागतो. हातातले पत्र टाकताना नाव आणि अर्जाचा क्रमांक असलेला भाग आधी बारीक फाडा.