पडून असलेल्या डोमेन नावांवरून लिंक विकून उत्पन्न मिळवावे का?

कऱ्हाकाठ (धागालेखक)

नमस्कार. माझ्याकडे काही डोमेन नावे (संकेतस्थळांचे पत्ते) अनेक वर्षांपासून नोंदवलेली आहेत. त्यांतील बहुतेक नावे त्या त्या वेळी सुचलेल्या उपक्रमांसाठी घेतली होती आणि त्यांवर कधीच संकेतस्थळ उभे राहिले नाही. एक नाव मात्र वेगळे आहे. कोकणातील किल्ले, तेथे जाण्याच्या वाटा, पाण्याच्या जागा आणि पायथ्याच्या गावांतील सोयी यांची माहिती देणारे संकेतस्थळ आम्ही मित्रांनी त्या नावावर बरीच वर्षे चालवले. पुढे प्रत्येकाच्या नोकरी-संसारामुळे ते थांबले, पण काही महाविद्यालयांच्या पानांवर, गिर्यारोहण मंडळांच्या यादीत आणि वृत्तपत्रांच्या जुन्या लेखांत त्याचे दुवे अजूनही आहेत.

प्रत्येक नावाच्या नूतनीकरणाला वर्षाला साधारण हजार रुपये लागतात. अलीकडे मला ग्राहकांच्या संकेतस्थळांसाठी लिंक विकत घेणाऱ्या परदेशी मध्यस्थांच्या ईमेल येत आहेत. काहींचे म्हणणे असे की, त्यांनी लिहून दिलेला लेख किल्ल्यांच्या संकेतस्थळावर टाकावा, त्यात त्यांच्या ग्राहकाची एक लिंक ठेवावी आणि त्याबद्दल डॉलरमध्ये मोबदला घ्यावा. एकाने तर सगळ्याच नावांवर वर्डप्रेस (संकेतस्थळ चालवण्याची तयार प्रणाली) बसवून प्रत्येकावर थोडे लेख टाकण्याची आणि पुढे दरमहा भाडे देण्याची तयारी दाखवली आहे.

अशा लिंकना खरोखर किंमत असते का, त्यात धोका काय आहे, मिळालेल्या पैशांचा कर कसा भरावा लागतो आणि लिंक विकण्याऐवजी नावेच विकणे अधिक योग्य ठरेल का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

शोधयात्री

संकेतस्थळे गूगलच्या शोधाच्या क्रमवारीत वर आणण्याच्या क्षेत्रात मी पुण्यात काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लिंक विकत घेतल्या जातात, त्या या क्रमवारीसाठीच.

ज्या नावावर कधी काहीच नव्हते, त्यावरून दिलेल्या लिंकला किंमत नसते. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्डमध्ये असताना 1998 मध्ये मांडलेली पेजरँक पद्धत एखाद्या पानाचे महत्त्व ठरवताना त्या पानाकडे कोण बोट दाखवते आणि बोट दाखवणाऱ्याला स्वतःला किती मान आहे, हे पाहते. आपल्या कोऱ्या नावाकडे कोणाचेच बोट नाही, त्यामुळे पुढे देण्यासारखे त्याच्यापाशी काही नाही. तरीही मध्यस्थ ती नावे मागतात, कारण त्यांना ग्राहकाला महिन्याच्या अहवालात लिंकची संख्या दाखवायची असते. त्या संख्येचा उपयोग होतो की नाही, हे ग्राहकाला पुष्कळ उशिरा कळते.

मध्यस्थ बहुधा संकेतस्थळांचे वजन मोजणाऱ्या मॉझ कंपनीचे 'डोमेन ऑथॉरिटी' किंवा एचरेफ्स कंपनीचे 'डोमेन रेटिंग' यांचा आकडा विचारतील आणि त्यावरून दर सांगतील. हे आकडे त्या कंपन्यांचे स्वतःचे अंदाज आहेत, गूगल ते वापरत नाही. गूगल पूर्वी ब्राउझरमध्ये बसवायच्या आपल्या टूलबारमध्ये प्रत्येक पानाचा पेजरँक उघडपणे दाखवत असे आणि लिंकचा बाजार प्रामुख्याने त्याच आकड्यावर चाले. 2016 मध्ये गूगलने तो दाखवणे बंद केले आणि त्याची जागा या खासगी आकड्यांनी घेतली.

आता धोक्याविषयी. क्रमवारीत फायदा मिळावा म्हणून पैसे घेऊन दिलेली आणि पैसे घेतल्याची खूण तिच्या कोडमध्ये न केलेली लिंक गूगलच्या धोरणानुसार लिंक-स्पॅम ठरते. विकणारा आणि घेणारा, दोघांनाही हा नियम लागू आहे. फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जेसीपेनी या अमेरिकेतील मोठ्या दुकानसाखळीचे प्रकरण उघडकीस आणले. कपडे, अंथरुणे, गालिचे अशा असंख्य शोधांत ही कंपनी पहिल्या क्रमांकावर येत होती आणि त्यामागे तिच्या मालाशी काहीही संबंध नसलेल्या संकेतस्थळांवर पेरलेल्या लिंक होत्या. हे कळताच गूगलने तिला खाली ढकलले. पुढच्या वर्षी, 24 एप्रिल 2012 रोजी, गूगलच्या क्रमवारी ठरवण्याच्या पद्धतीत 'पेंग्विन' हा बदल लागू झाला आणि अशा लिंक शोधण्याचे काम मोठ्या प्रमाणावर प्रणालीनेच हाती घेतले. 2014 मध्ये खासगी ब्लॉगजाळ्यांवर, म्हणजे केवळ लिंक देण्यासाठी उभारलेल्या संकेतस्थळांच्या समूहांवर, कारवाई झाली. सगळ्या नावांवर थोडे थोडे लेख टाकण्याचा जो प्रस्ताव आपल्याला आला आहे, तो नेमका अशाच ब्लॉगजाळ्याचा आहे. एकाच सर्व्हरवरची, एकाच साच्याची आणि त्याच त्या गिऱ्हाइकांकडे बोट दाखवणारी संकेतस्थळे ओळखू येणे अवघड नसते.

डिसेंबर 2022 पासून गूगल 'स्पॅमब्रेन' या आपल्या यंत्रणेच्या साहाय्याने विकत घेतलेल्या लिंक आणि त्या देणारी संकेतस्थळे दोन्ही ओळखते आणि अशा लिंकचा प्रभाव शून्य करते. म्हणजे बऱ्याचदा शिक्षेची सूचनाही येत नाही, पण लिंक निरुपयोगी होते. घेणाऱ्याचे पैसे वाया जातात आणि देणाऱ्या संकेतस्थळाची नोंद संशयितांत होते. प्रत्यक्ष कारवाई झालीच, तर सर्च कन्सोल या संकेतस्थळाच्या मालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत आपल्या संकेतस्थळावरून जाणाऱ्या अनैसर्गिक लिंकविषयी सूचना दिसते. मग त्या सर्व लिंक काढून किंवा त्यांवर खूण करून फेरविचाराचा अर्ज करावा लागतो.

किल्ल्यांच्या संकेतस्थळाविषयी मला अधिक कळकळीने सांगायचे आहे. त्या नावाला किंमत आहे, हे खरे. पण ज्या महाविद्यालयाने किंवा गिर्यारोहण मंडळाने आपला दुवा दिला, त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना आणि सभासदांना 'येथील माहिती विश्वसनीय आहे' असे सांगितले होते. मध्यस्थ पैसे मोजतो, ते या सांगण्यासाठी. उद्या त्याच पानावर कर्ज देणाऱ्या ॲपची किंवा सट्ट्याच्या संकेतस्थळाची लिंक बसली, तर ज्यांनी आपल्यावर विश्वास ठेवला, त्यांचे नाव त्यांना न विचारता वापरल्यासारखे होते. मार्च 2024 मध्ये गूगलने जाहीर केलेल्या धोरणांत नेमका हा प्रकार आला आहे. यजमान संकेतस्थळाच्या जुन्या प्रतिष्ठेवर स्वार होण्यासाठी तिऱ्हाइताचा मजकूर छापणे, हा 'साइट रेप्युटेशन अब्यूज' या नावाखाली गैरवापर ठरवला गेला आहे आणि त्याची अंमलबजावणी मे 2024 मध्ये सुरू झाली.

---

हिशेबनीस

तांत्रिक बाजू वर नीट आली आहे. मी कर आणि कायदा एवढ्यापुरतेच लिहितो.

लिंकचे पैसे डॉलरमध्ये आले, म्हणून ते करमुक्त होत नाहीत. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला परदेशातून मिळालेले उत्पन्नही येथे करपात्र आहे. काम नियमित आणि हिशेबशीर असेल, तर ते व्यवसायाचे उत्पन्न म्हणून दाखवावे. तसे दाखवल्यास नूतनीकरण, होस्टिंग आणि लेखनाचा खर्च त्यातून वजा करता येतो. पेपॅलद्वारे रक्कम घेणार असाल, तर पर्पज कोड (पैसे कशाबद्दल आले हे सांगणारा संकेतांक) योग्य निवडावा, प्रत्येक व्यवहाराचे बीजक करून ठेवावे आणि परकीय चलन जमा झाल्याचा बँकेचा दाखला जपून ठेवावा. जाहिरातीची जागा विकणे ही वस्तू आणि सेवा कराच्या दृष्टीने सेवा आहे. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या आत असेपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणी सक्तीची नाही. आपली इतर व्यावसायिक उलाढाल असेल, तर ती मात्र यात मिळवून पाहावी लागते.

मला खरी काळजी वाटते ती खरेदीदार कोण आहे याची. अनोळखी मध्यस्थांमार्फत येणाऱ्या लिंकमध्ये ऑनलाइन जुगार आणि सट्टा यांचा भरणा मोठा असतो. माहिती व प्रसारण मंत्रालयाने अशा जाहिराती टाळण्याची सूचना जून 2022 मध्येच केली होती. 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातीलाच बंदी केली असून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा 50 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. लेख केरळच्या सहलीविषयी असतो आणि त्यातील एका शब्दामागे जुगाराची लिंक दडवलेली असते, असे घडते. नाव आपल्या नोंदणीत आहे, त्यामुळे पहिली विचारणा आपल्याकडेच होणार. मध्यस्थाचा ईमेलपलीकडे पत्ता नसतो, ही गोष्ट लक्षात ठेवावी.

---

रत्नदुर्ग

माझे मत वरच्या दोघांहून थोडे वेगळे आहे. लिंकचे पैसे घेणे मुळातच वाईट आहे, असे मला वाटत नाही. कोणत्या वाचकासाठी ती लिंक ठेवली आहे आणि ती पैसे घेऊन ठेवल्याचे त्याला सांगितले आहे का, एवढे दोनच प्रश्न मी विचारतो.

मी सिंधुदुर्गातील घरगुती निवासांची माहिती देणारे छोटे संकेतस्थळ चालवतो. त्यावर निवासवाले, होडीवाले आणि मसाले विकणारे बचतगट वर्षाची ठरावीक रक्कम देऊन आपली नोंद आणि लिंक ठेवतात. प्रत्येक नोंदीवर 'जाहिरात' असे मराठीत स्पष्ट लिहिलेले आहे आणि लिंकच्या एचटीएमएलमध्ये 'स्पॉन्सर्ड' ही खूण आहे. ही खूण गूगलने सप्टेंबर 2019 मध्ये आणली. त्याआधी 2005 पासूनची 'नोफॉलो' होती आणि ती आजही चालते. खूण केल्यावर ती लिंक क्रमवारीसाठी दिलेली नाही, हे शोधयंत्राला कळते. परदेशी मध्यस्थ ही खूण ऐकताच नाहीसे होतात. देवगडच्या निवासवाल्याला मात्र तिने काहीच फरक पडत नाही, कारण त्याला क्रमवारी नको, मे महिन्यात खोली भरायला हवी असते. कोणाला उत्तर द्यावे आणि कोणाला देऊ नये, हे मी यावरूनच ठरवतो. पहिल्याच ईमेलला 'लिंक जाहिरात म्हणून दाखवली जाईल आणि तिच्यावर खूण असेल' असे उत्तर पाठवावे. त्यानंतरही जो बोलत राहील, त्याच्याशीच पुढचे बोलावे.

किल्ल्यांचे संकेतस्थळ आपण पुन्हा उभे केले, तर पायथ्याच्या गावांतील जेवणाची सोय करणारी घरे, वाटाडे आणि गिर्यारोहणाचे साहित्य विकणारी दुकाने यांच्याकडून असे उत्पन्न मिळू शकते. रक्कम मोठी नसेल, पण नूतनीकरण आणि होस्टिंग सहज सुटेल. शिवाय जुने दुवे ज्यांनी दिले, त्यांना त्या दुव्यांवर पूर्वीसारखीच उपयोगी माहिती मिळेल. त्यासाठी वाटांची आजची स्थिती पुन्हा तपासावी लागेल, हे कष्टाचे काम आहे. कोसळलेली शिडी किंवा आटलेले टाके यांची जुनी माहिती तशीच ठेवणे धोक्याचे आहे.

---

कऱ्हाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जाळे उभे करण्याचा प्रस्ताव मी नाकारला असून जुगाराच्या लिंकविषयीची माहिती मित्रांनाही कळवली आहे. आता दोन गोष्टी राहतात. कोरी नावे विकायला ठेवावीत की सोडून द्यावीत? आणि किल्ल्यांच्या संकेतस्थळासाठी वेळ काढणे जमले नाही, तर ते नाव सोडून देण्यात काही गैर आहे का?

---

शोधयात्री

कोऱ्या नावांपैकी जी लहान, उच्चारायला सोपी आणि एखाद्या व्यवसायाला थेट लागू पडणारी आहेत, ती सेडो किंवा आफ्टरनिकसारख्या डोमेन नावांच्या ऑनलाइन बाजारात किंमत लिहून ठेवावीत. सौदा ठरल्यास पैसे आणि नावाचे हस्तांतर यांच्यामध्ये एस्क्रो सेवा, म्हणजे हस्तांतर पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळणारा तिऱ्हाईत, अवश्य ठेवावी. जाहिरातींच्या पानावर नाव उभे करून, म्हणजे पार्किंगवर, काही मिळेल अशी आशा धरू नये. लोक स्वतःहून टंकून जिथे येतात, अशी नावे वगळता इतर नावांच्या पार्किंगमधून नूतनीकरणाचा खर्चही निघत नाही. एखादे नाव कोणाच्या नोंदणीकृत व्यापारचिन्हाशी (ट्रेडमार्कशी) मिळतेजुळते असेल, तर ते त्याच मालकाला चढ्या भावाने विकायला जाऊ नये. नावांवरचे वाद सोडवण्यासाठी डॉट कॉमला लागू असलेल्या यूडीआरपी धोरणात आणि डॉट इन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या निक्सी या संस्थेच्या आयएनडीआरपी धोरणात विक्रीच्या हेतूने केलेली अशी नोंदणी हा दुष्ट हेतूचा पुरावा मानला जातो आणि नाव हातचे जाते. उरलेली नावे मुदत संपल्यावर निश्चिंतपणे सोडावीत.

किल्ल्यांचे नाव मात्र मी सोडणार नाही. डॉट कॉम नावाची मुदत संपल्यावर नोंदणीकर्त्या कंपनीकडे 45 दिवसांपर्यंतची सवलत असू शकते, नंतर 30 दिवस जादा शुल्क भरून ते परत मिळवता येते आणि शेवटचे 5 दिवस उलटले की ते कोणालाही घेता येते. जुने दुवे असलेली नावे बहुतेकदा तिथवर पोहोचतच नाहीत, त्याआधीच लिलावात उचलली जातात. अमेरिकेतील 'द हेअरपिन' हे स्त्रियांचे लेखन छापणारे संकेतस्थळ 2018 मध्ये बंद झाले. पुढे त्याचे नाव दुसऱ्याच्या हाती गेले आणि 2024 मध्ये असे उघड झाले की, त्यावर यंत्राकडून लिहून घेतलेला मजकूर छापला जात होता आणि काही जुन्या लेखांवरची मूळ लेखिकांची नावे बदलून पुरुषांची नावे घातली गेली होती. गूगलनेही मुदत संपलेल्या डोमेनच्या गैरवापराचे उदाहरण देताना पूर्वी प्राथमिक शाळेच्या असलेल्या संकेतस्थळावर कॅसिनोचा मजकूर, असेच दिले आहे. आपल्या किल्ल्यांच्या पानांचे तसे होऊ नये, यासाठी वर्षाचे हजार रुपये मला जास्त वाटत नाहीत.

वेळ नसेल, तर आधी इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीन या जुन्या पानांच्या संग्रहावरून आपली पाने काढून घ्यावीत, साध्या एचटीएमएलमध्ये त्याच जुन्या पत्त्यांवर परत ठेवावीत आणि प्रत्येक पानावर माहिती कोणत्या वर्षाची आहे हे ठळकपणे लिहावे. मूळ पत्ते बदलू नयेत, नाहीतर बाहेरचे दुवे तुटतील. या कामात मदत हवी असल्यास पानांची यादी याच धाग्यावर द्यावी. रत्नदुर्ग यांना सिंधुदुर्गाकडील वाटांची आजची स्थिती ठाऊक असेल, तर त्या पानांपासूनच सुरुवात करता येईल.

---

रत्नदुर्ग

विजयदुर्ग, देवगड आणि सिंधुदुर्ग या तिन्ही किल्ल्यांची पाने मी तपासून देतो. रांगणा किल्ल्याच्या वाटेसाठी नारूर भागातील एका वाटाड्याला विचारून कळवतो.